जयणा, जंतू आणि नवापूरच्या कोंबड्या

वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात म्हटलं होतं की महावीर जयंतीच्या अंकात एकच विषय घेऊ, साथीच्या आजारात जैन अहिंसेचा नेमका उपयोग काय, आणि प्रश्न पाठवा. प्रश्न भरपूर आले. जागतिक आरोग्य संघटनेने 30 जानेवारी 2020 ला कोरोनाची आणीबाणी लावली आणि 5 मे 2023 ला उठवली, पण लोकांच्या डोक्यातलं अजून काही उठलेलं नाही असं पत्रं वाचून वाटलं. मी साध्वी नाही आणि डॉक्टर पण नाही, धुळ्यात आमचं मेडिकल आहे, लहानपणी पाठशाळेत जे पाठ केलं आणि नंतर स्वतःच्या आवडीने जे वाचलं त्याच्या जोरावर लिहितेय, तेव्हा त्या हिशोबानेच वाचा.

ताई, जय जिनेंद्र. सॅनिटायझर लावलं, फिनेल टाकलं की लाखो जीव मरतात, मग अहिंसा पाळणाऱ्याने ते वापरावं का? आमच्या घरी यावरून कोरोनात भांडणं झाली, आता फ्लूची साथ आली की परत तेच सुरू होतं. — एक गृहिणी, अमळनेर

वापरा हो, बिनधास्त वापरा. आता कारण सांगते. तत्त्वार्थसूत्रात, म्हणजे जैन तत्त्वज्ञानाच्या मूळ ग्रंथात, हिंसेची व्याख्या दिलीय, "प्रमत्तयोगात् प्राणव्यपरोपणं हिंसा". प्रमादाने, म्हणजे बेफिकिरीने किंवा राग-लोभाच्या भरात कुणाचा प्राण घेणं. नुसतं "कुणीतरी मेलं" एवढ्यावर व्याख्या संपत नाही, मारणाऱ्याचं मन कुठे होतं ते पहिलं बघितलंय. आणि गृहस्थासाठी तर हिंसेचे चार प्रकार सांगितलेत: संकल्पी म्हणजे ठरवून केलेली, आरंभी म्हणजे स्वयंपाक-झाडलोट करताना होणारी, उद्योगी म्हणजे धंद्यात होणारी, आणि विरोधी म्हणजे स्वतःचा किंवा दुसऱ्याचा बचाव करताना होणारी. यातली संकल्पी सोडायचीच, बाकीची जमेल तेवढी कमी करायची. हात धुणं फार तर आरंभी किंवा विरोधीत बसेल. आणि व्हायरसला जीव म्हणायचं का नाही यावर शास्त्रज्ञांचंच अजून एकमत नाही, तेव्हा त्याच्यावरून सासू-सुनेने बोलणं बंद करू नये.

पण मला तुमच्या घरच्या भांडणापेक्षा दुसरी गोष्ट जास्त खटकते. सॅनिटायझरच्या थेंबावर एवढी चर्चा करणारे आपलेच लोक अंगात ताप असताना, खोकला असताना, एक क्रोसिन खाऊन लग्नात पंगतीला वाढायला जातात. ती हिंसा कुणी मोजत नाही. तिथे प्रमाद शंभर टक्के आहे आणि पुढे बसलेला जीव पंचेंद्रिय, म्हणजे पाचही इंद्रियं असलेला, आहे, शिवाय सत्तर वर्षांचा. साधूंच्या आचाराच्या दशवैकालिक सूत्रातली गाथा पाठशाळेत सगळ्यांनी घोकलेली असते, "जयं चरे जयं चिट्ठे, जयमासे जयं सए, जयं भुंजंतो भासंतो, पावं कम्मं न बंधइ". जपून चाला, जपून उभे राहा, बसा, झोपा, जपून खा, जपून बोला, मग पाप बांधलं जात नाही. आपल्या घरात याला जयणा म्हणतात, गॅस पेटवायच्या आधी बर्नर पुसून घेतात ती जयणा. माझं सरळ म्हणणं आहे की साथीच्या काळात जैन शिकवणीकडून घ्यायची पहिली गोष्ट ही जयणा आहे, बाकी सगळं त्याच्या नंतर.

आणि थुंकणं! श्वेतांबर परंपरेत असं मानतात की थुंकी, कफ, लघवी असं शरीरातून निघालेलं कुठेही पडून राहिलं की त्यात मुहूर्ताच्या आत, म्हणजे 48 मिनिटांच्या आत संमूर्च्छिम, म्हणजे आई-बापाशिवाय आपोआप होणारे, जीव तयार होतात. म्हणून साधू-साध्वींच्या पाच समितींमध्ये, म्हणजे सांभाळून वागायच्या नियमांमध्ये, एक अख्खी समिती, परिष्ठापनिका समिती, फक्त याच्यासाठी आहे की शरीरातली घाण कुठे टाकायची, कशी टाकायची, तिथे आधी नीट बघून घ्यायचं. साधू कफ राखेत किंवा कोरड्या मातीत मिसळून टाकतात, उघडा सोडत नाहीत. आता कुठलंही बस स्टँड डोळ्यासमोर आणा, तो कोपरा, ती लाल भिंत. गुटखा राज्यात 2012 पासून बंद आहे बरं का. तेव्हा फिनेल मारलं म्हणून पाप लागेल याची काळजी सोडा, मारायची वेळ येऊच नये अशी घाण ठेवू नका, आणि शास्त्र पण तेच सांगतंय.

ग्रुपवर मेसेज येतो की मास्कचा शोध जैन साधूंनी लावला आणि आपल्या शास्त्रात निगोद म्हणून जे सांगितलंय तोच व्हायरस. कॉलेजात मित्रांना सांगितलं तर हसले. खरं काय? — एक विद्यार्थी, शिरपूर

मित्रांचं चुकलं नाही. निगोद म्हणजे अनंत जीव एकाच शरीरात, सगळ्यात खालच्या पायरीवरचे एकेंद्रिय, म्हणजे एकच इंद्रिय असलेले, ती कर्मसिद्धांतातली कल्पना आहे, मायक्रोस्कोपखाली दिसणाऱ्या गोष्टीशी तिची जोडी लावायची गरजच नाही. अशी जोडी लावली की दोन्हीकडून हसू होतं.

मुहपत्तीचं, म्हणजे तोंडासमोरच्या कापडाचं, मात्र जरा थांबून बघ. स्थानकवासी आणि तेरापंथी साधू-साध्वी तोंडावर बांधून ठेवतात, मूर्तिपूजक हातात धरतात आणि बोलताना तोंडासमोर आणतात, दिगंबर मुनी वापरत नाहीत. आमच्या धर्मस्थानकातली मुहपत्ती आठ पदरी असते, पांढऱ्या सुती कापडाची, दोऱ्याने कानाला अडकवलेली, सामायिकला, म्हणजे समभावाच्या साधनेला, बसताना आम्ही पण बांधतो. ती N95 नाहीच, तिच्यातून व्हायरस अडेल असा दावा मी मेडिकलच्या काउंटरवर बसून करणार नाही. पण ती कुणासाठी बांधतात ते बघ. आपल्या तोंडच्या गरम हवेने हवेतल्या जीवांना त्रास होऊ नये, थुंकी उडून कुणावर किंवा शास्त्राच्या पानावर पडू नये म्हणून बांधतात. बांधणाऱ्याला वाचवायला नाही. 2020 मध्ये साध्या कापडी मास्कचा मोठा उपयोग तोच होता, लागण झालेल्याच्या तोंडातले थेंब बाहेर पडू न देणं, आणि अख्ख्या जिल्ह्याला हेच पटवता पटवता नाकीनऊ आले. मे महिन्यात भुसावळला पारा 45 ला, लोक मास्क हनुवटीवर ओढून म्हणायचे "मले काई होत नई भो". अरे तुला होत नाही, तुझ्या बापाला होतं.

तेव्हा मित्रांना शोध-बिध काही सांगू नको. एवढंच सांग की स्वतःला लक्षणं नसतानाही दुसऱ्यासाठी तोंड झाकायचं, ही सवय आमच्याकडे धर्माचा भाग म्हणून आहे. यावर कुणी हसणार नाही.

मी नवापूरचा, जैन नाही. 2006 ला बर्ड फ्लू आला तेव्हा वडील पोल्ट्रीवर कामाला होते, आमच्या घरच्या पाच-सहा गावठी कोंबड्या पण नेल्या. पुढे 2021 ला परत तसंच. माझा एक जैन मित्र म्हणतो तुम्ही कोंबडी खाता म्हणून हे रोग येतात. खरं आहे का? आणि एवढ्या कोंबड्या मारल्या त्याचं पाप तुमच्या धर्मात कुणाच्या नावावर? — एक वाचक, नवापूर

दादा, या महिन्यातलं सगळ्यात चांगलं पत्र तुमचं आहे, म्हणून जरा लांबण लावते.

आधी मित्राचं. बर्ड फ्लूचा H5N1 नीट शिजवलेल्या अंड्यातून, मांसातून लागत नाही, तो आजारी पक्ष्याच्या जवळ गेल्याने, त्याची विष्ठा, पिसं हाताळल्याने लागू शकतो, म्हणजे खाणाऱ्यापेक्षा धोका तुमच्या वडिलांसारख्या राबणाऱ्याला जास्त. तेव्हा "तुम्ही खाता म्हणून" हे वाक्य चूक आहे आणि वरून दुखवणारं आहे. भाषासमिती नावाची गोष्ट आहे आमच्यात, बोलण्याने पण हिंसा होते, हे मित्राला माझ्याकडून सांगा.

पण मित्राच्या मनात जे आहे त्यातला एक तुकडा खरा आहे. फेब्रुवारी 2006 मध्ये भारतातला पहिला H5N1 चा उद्रेक तुमच्या नवापूरलाच सापडला. हा व्हायरस मुळात रानातल्या पाणपक्ष्यांमध्ये राहतो, तिथे बऱ्याचदा फारसं काही न करता राहतो. पण एका शेडमध्ये हजारोंनी कोंबड्या, सगळ्या एका वयाच्या, एका जातीच्या, पंख हलवायला जागा नाही, अशा ठिकाणी तो शिरला की काही दिवसांत शेड झोपते. मग सरकारकडे एकच उपाय उरतो, आजारी असो नसो, ठराविक अंतरातल्या सगळ्या मारा आणि खड्ड्यात पुरा. पांढरे सूट घातलेली माणसं, गॉगल, हातमोजे, जेसीबीने खणलेले खड्डे, चुना. 2020 मध्ये तेच सूट आपण हॉस्पिटलात बघितले तेव्हा बाकीच्या महाराष्ट्राला नवीन होतं, नवापूरला नव्हतं. आणि हे फक्त आपल्याकडे नाही, डेन्मार्कने नोव्हेंबर 2020 मध्ये मिंक नावाचे फरसाठी पाळलेले दीड कोटीहून जास्त प्राणी मारायचा हुकूम काढला, कारण कोरोना माणसातून त्यांच्यात आणि त्यांच्यातून परत माणसात जायला लागला होता. कोरोना मुळात कुठून आला यावर वाद अजून चालू आहे त्यामुळे त्यात मी पडत नाही, पण दाटीवाटीने कोंडलेली जनावरं हे रोगाला आमंत्रण आहे यात वाद नाही.

आता पाप कुणाचं. आमच्याकडे हिशोब तीन तऱ्हेने होतो: कृत, कारित, अनुमोदित. स्वतः केलं, दुसऱ्याकडून करवून घेतलं, किंवा कुणी केलेल्याला मनातून होकार दिला. आणि हे तिन्ही मनाने, वाणीने, कायेने. या हिशोबाने रोजंदारीवर कोंबडी पकडणारा माणूस सगळा भार घेऊन जात नाही, उलट त्याच्या मागे लांबलचक रांग लागते. शेडला कर्ज देणारा आहे, स्वस्तात पाहिजे म्हणणारा गिऱ्हाईक आहे, आणि आता आमच्या लोकांना टोचेल ते पण लिहिते, खाद्य पुरवणारा व्यापारी आहे. खानदेशातला मका कुठे कुठे जातो ते मार्केट यार्डात कुणालाही विचारा. ताटात कोंबडी नाही म्हणून आपण रांगेच्या बाहेर, असं समजणाऱ्या शाकाहारी माणसाने एकदा आपल्या वह्या-चोपड्या उघडून बघाव्यात.

साथ आल्यावर मारणं बरोबर का चूक? मी श्राविका, म्हणजे व्रत पाळणारी गृहस्थ, म्हणून माझ्या हाताने करणार नाही, आणि उद्या त्याच रोगाने माणसं मरायला लागली तर सरकारने करू नये असंही म्हणणार नाही. यात एक गाठ आहे ती सुटत नाही, ती सुटली असं जो सांगतो त्याच्यावर माझा विश्वास बसत नाही. पण मारायची वेळ येण्याआधी बरंच काही करता येतं, कमी दाटी, वेळेवर तपासणी, मेलेली कोंबडी लपवून न विकणं, आणि ज्याच्या घरच्या पाच-सहा कोंबड्या नेल्या त्याला पैसे लगेच मिळणं. तुमच्या आईला त्या कोंबड्यांचं वाईट वाटलं असेल ना? ती अनुकंपा, पुस्तकातली नाही, खरी.

सासूबाई 2021 च्या लाटेत ऑक्सिजनवर होत्या, वाचल्या. शुगर आहे, इन्सुलिन चालू आहे. आता चैत्राची ओळी करायचीच म्हणून बसल्यात, नऊ दिवस आयंबिल, म्हणजे एकच वेळ बिन तेला-तुपाचं जेवण. मी नाही म्हणाले तर धर्मात आडवी आले असं होतं. — एक सून, जळगाव

तुम्ही म्हणूच नका, शास्त्राला म्हणू द्या. ज्या कर्माने पुढे तीर्थंकर होता येतं ते तीर्थंकर-नामकर्म ज्याने बांधलं जातं त्या सोळा कारणांमध्ये तत्त्वार्थसूत्र म्हणतं "शक्तितस्त्यागतपसी". शक्ती असेल तेवढाच त्याग, तेवढंच तप. आणि पचक्खाण, म्हणजे तपाचा नियम, घेताना जे आगार, म्हणजे सवलती, आपण तोंडाने म्हणतो त्यात "सव्वसमाहिवत्तियागारेणं" आहेच, आजारपणात मनाची समाधी टिकावी म्हणून औषध-पाणी घ्यायला नियमातच दार ठेवलंय. लोक ते भरभर म्हणून टाकतात, अर्थ कुणी बघत नाही. इन्सुलिनवर असलेल्या माणसाने एक वेळ, बिन तेला-तुपाचं खायचं, ते पण नऊ दिवस, हे त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको, रात्री दोनला शुगर पडली तर घरात काय धावपळ होते ते मेडिकलवाल्यांना माहितीय. आणि तप म्हणजे उपासच असं कुठेय? सहा अभ्यंतर तपांमध्ये वैयावृत्त्य आहे, आपल्या बोलीतली वेयावच्च, सेवा. ज्यांची सेवा करायची त्या दहा जणांच्या यादीत "ग्लान" म्हणजे आजारी स्वतंत्र सांगितलाय. त्यामुळे त्या हॉस्पिटलात होत्या तेव्हा तुम्ही डबा घेऊन फेऱ्या मारल्यात ते तपच झालं, त्यांना सांगा की यंदा ओळीत रोज एखाद्या आजारी माणसाची विचारपूस करा, फोनवर करा, चालेल.

कोवॅक्सिनमध्ये वासराचं रक्त होतं असं तेव्हा फिरत होतं. आम्ही दोन डोस घेतले. आता मनाला लागून राहिलंय. — एक ज्येष्ठ वाचक, भुसावळ

काका, जे होतं ते सरळ सांगते. कोवॅक्सिनसाठी व्हायरस वाढवतात व्हेरो पेशींवर, त्या पेशी मुळात 1962 साली माकडाच्या मूत्रपिंडातून काढलेल्या, तेव्हापासून प्रयोगशाळेतच वाढत आल्यात. त्या वाढवायला नवजात वासराचं सीरम लागतं. मग पेशी धुतात, त्यात व्हायरस वाढवतात, तो मारतात, शुद्ध करतात. तयार लसीत सीरम नसतं हे केंद्र सरकारने जून 2021 मध्ये स्पष्ट केलं होतं. म्हणजे फॉरवर्ड खोटा होता, पण वाटेत जनावर कुठेच नव्हतं असं पण नाही. आयसीयूमध्ये रक्त पातळ करायला जे हेपॅरिन देत होते ते डुकराच्या आतड्यापासून काढतात, तेव्हा लसीवरच का थांबायचं.

तुम्ही लस घेतली ती कुणाला मारायच्या इच्छेने घेतली नाही, स्वतः वाचायला आणि घरातल्यांना वाचवायला घेतली. वाटलं तर आलोयणा, म्हणजे गुरूंसमोर कबुली देऊन प्रायश्चित्त, घ्या, मन हलकं होतं. पण पुढच्या वेळी एखाद्या शेजाऱ्याने "यात अमुक आहे म्हणे" असं विचारलं तर त्याला लसीपासून परावृत्त करू नका. दशवैकालिकातच आहे, "पढमं नाणं तओ दया", आधी ज्ञान मग दया. अर्धवट माहितीवर केलेली दया 2021 च्या एप्रिलमध्ये किती जणांना महागात पडली ते आपण दोघांनी बघितलंय.

माझं कापडाचं दुकान. 2020 ला सरकारने बंद केलं, मी चार माणसांचा पगार बंद केला, माझंच उत्पन्न नव्हतं. व्याख्यानात महाराजसाहेब म्हणाले ती पण हिंसा. मी मुंगी मारत नाही, हिंसा कशी? — एक व्यापारी, चाळीसगाव

भाऊ, महाराजसाहेब बरोबर बोलले. अहिंसा अणुव्रताचे, म्हणजे गृहस्थाच्या अहिंसेच्या व्रताचे, पाच अतिचार, म्हणजे त्यात होणाऱ्या चुका, आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. शेवटचे दोन बघा, झेपणार नाही एवढं ओझं लादणं आणि आपल्यावर अवलंबून असलेल्याचं अन्नपाणी तोडणं. जुन्या टीकांमध्ये उदाहरणं बैलांची, नोकरांची आहेत. चार माणसं तुमच्या पेटीवर अवलंबून होती. पूर्ण पगार जमला नसेल हे मला समजतं, आमचं पण दुकान आहे, पण अर्धा, पाव, दहा किलो गहू, काहीतरी? मे 2020 मध्ये मुंबई-आग्रा रोडवर धुळ्याहून शिरपूरकडे माणसांची रांग चालली होती, डोक्यावर बोजा, पायात तुटकी चप्पल, कडेवर पोर. रस्त्यावर आपल्या लोकांनी पुरी-भाजी वाटली, ताक वाटलं, चांगलं केलं, फोटो पण भरपूर काढले. पण त्यातले बरेच जण कुणाच्या तरी दुकानातून, कारखान्यातून असेच "उत्पन्न नाही" म्हणून निघालेले होते.

धंद्याचं निघालंच आहे तर, मार्च 2020 मध्ये सरकारने भाव बांधले, तीन पदरी मास्क 10 रुपये, सॅनिटायझर 200 मिली 100 रुपये. तरी काही जण मागच्या दाराने तिप्पट भावाने विकत होते, आणि गिऱ्हाईक पण काय, एका घराला वीस बाटल्या हव्या. पुढे कोरोनावर रेमडेसिवीर इंजेक्शन आलं तेव्हा तर घरात कुणी आजारी नसताना लोकांनी फ्रीजमध्ये भरून ठेवली. "मूर्च्छा परिग्रहः", आसक्ती हाच संग्रह, म्हणतात ते हेच, वस्तू किती आहेत यापेक्षा सुटत नाही ते. मोठे देश पण याच्यातून सुटले नाहीत, लोकसंख्येच्या कितीतरी पट लसीचे डोस बुक करून बसले होते, आणि भारत-दक्षिण आफ्रिकेने 2 ऑक्टोबर 2020 ला पेटंटची अट सैल करा म्हणून जागतिक व्यापार संघटनेत मागणी केली ती कापून-छाटून मान्य व्हायला जून 2022 उजाडलं.

त्या चौघांपैकी जे अजून भेटतात त्यांना बोलवून घ्या. संवत्सरीला, क्षमा मागायच्या दिवशी, मिच्छामि दुक्कडम् नातेवाइकांना पाठवतोच की आपण, यांना पण म्हणा, आणि नुसतं म्हणून सोडू नका, काही देऊन टाका.

कबुतरांना दाणे टाकणं अहिंसा का नाही? 2025 ला मुंबईत दादरचा कबुतरखाना बंद केला तेव्हा आम्हाला फार वाईट वाटलं. — एक वाचक, धुळे

जीवदयेची भावना चांगली, जागा चुकली. कबुतराच्या वाळलेल्या विष्ठेच्या धुळीने काही लोकांच्या फुफ्फुसाला कायमची इजा होते, हे छातीचे डॉक्टर कधीपासून सांगतायत. दाट वस्तीत, कुणाच्या तरी खिडकीखाली पोतं रिकामं करणं ही जयणा नव्हे. पांजरपोळला चारा द्या, उन्हाळ्यात पाण्याची भांडी ठेवा आणि रोज धुवा, न धुतलेल्या भांड्यात डासांची अंडी होतात, मग डेंग्यू.

कॅप्सूलचं कवच प्राणीजन्य असतं का? कसं ओळखायचं? — एक वाचक, नंदुरबार

बहुतेक कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं असतं, ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून करतात. काहींचं वनस्पतीपासून केलेलं असतं, त्याला एचपीएमसी म्हणतात. खाण्याच्या पाकिटावर असते तशी हिरवी-तपकिरी खूण औषधांवर छापायची सक्ती नाही, त्यामुळे नुसतं बघून कळणार नाही. डॉक्टर चिठ्ठी लिहीत असतानाच सांगा की गोळीत किंवा सिरपमध्ये मिळत असेल तर ते लिहा, पुष्कळ औषधं मिळतात. कॅप्सूल फोडून पावडर पाण्यात घालून घ्यायचा उद्योग मात्र स्वतःच्या मनाने करू नका, काही औषधं पोटातल्या आम्लात खराब होऊ नयेत म्हणूनच कवचात घातलेली असतात.